साठ ग्रॅम पोलाद

भिलाईत माणूस आडनावावरून ओळखला जात नाही, खात्यावरून ओळखला जातो. आमच्या हुडकोच्या गल्लीत एक रेल मिलवाले आहेत, एक कोक ओव्हनवाले आहेत, समोर ब्लास्ट फर्नेसवाले आणि कोपऱ्यावर सिंटरिंग प्लांटवाले. सगळे कधीचेच रिटायर झाले, पण खातं काही सुटलेलं नाही. लग्नाच्या पत्रिकेवर नावाखाली कंसात ‘कोक ओव्हन’ लिहिलं नाही तर ती हटकून भलत्या घरी जाते. माझे बाबा मशीन शॉपवाले. मी कारखान्याचं तोंड न पाहता विमा विकतो, तरी गल्लीच्या दप्तरी माझी नोंद ‘मशीन शॉपवाल्यांचा मुलगा, काही करत नाही’ अशीच आहे.

अशा गावात पोलादाबद्दल तोंड उघडायची सोय नसते. पोलाद सगळ्यांना कळतं, आणि टनात कळतं. इथला पोलादाचा कारखाना पहिल्या टप्प्यातच वर्षाला १० लाख टनांचा होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं, ही तारीख इथल्या पोरांना स्वतःच्या वाढदिवसाआधी पाठ होते. टनाच्या खालचं माप म्हणजे मोड. रद्दीवाल्याकडे चालतं, चारचौघांत नाही. त्यामुळे साठ ग्रॅम पोलाद रुमालात गुंडाळून मी जेव्हा पहिल्यांदा गल्लीत सल्ला विचारायला निघालो, तेव्हा लोकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रुमालाकडे, आणि मग बाबांना विचारलं, “सगळं ठीक आहे ना घरी?”

ते साठ ग्रॅम म्हणजे आजोबांच्या पेटीतला वस्तरा. नव्या तऱ्हेचा, अर्धं ब्लेड खुपसायचा नव्हे. जुना, अख्ख्या पात्याचा, मुठीत मिटणारा. पात्याच्या बुडाशी रशियन लिपीत दोन शब्द कोरलेले. एक ‘त्रूद’, म्हणजे कारखान्याचं नाव, दुसरा ‘वाचा’, म्हणजे गावाचं. तेव्हाच्या गॉर्की प्रांतातलं हे वाचा गाव चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेलं. मी हे सगळं कौतुकानं सांगत होतो तेव्हा बायकोनं पातं उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे सूचना लिहून दिलेली आहे. तुम्हीच पाळत नाही.”

आजोबा वर्ध्याकडून १९५८ साली इथे आले. त्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यामुळे आजोबांच्या मते ते परमुलखात आलेच नव्हते, राज्यच त्यांच्या पायाखालून सरकलं होतं. २ फेब्रुवारी १९५५ ला दिल्लीत सोव्हिएत संघाशी करार झाला आणि त्यापाठोपाठ रशियन इंजिनियर, फिटर, दुभाषे बायकापोरांसकट या भातशेतीत येऊन उतरले. आमचा वस्तरा त्यांच्यापैकीच कुणाचा तरी. कुणाचा आणि कसा, यावर घरात तीन मतं आहेत. आजोबा सांगत, की परत जाताना साहेबानं डोळ्यांत पाणी आणून भेट दिला. बाबा सांगतात, की बुद्धिबळात हरला म्हणून दिला. रशियन माणूस आजोबांशी बुद्धिबळात हरेल यावर बाबांशिवाय कुणाचा विश्वास नाही. आईचं मत असं, की क्वार्टर सोडताना तो वस्तरा न्हाणीच्या खिडकीत राहून गेला आणि “परत करायचा तर कुठे, मॉस्कोला?” असं म्हणून सासऱ्यांनी ठेवून घेतला. आईला सासरच्या इतिहासात फारसा रस नाही, म्हणून मला तिचंच खरं वाटतं.

आजोबांनी तो कधी वापरला नाही. दर रविवारी न्हावी घरी यायचा, आणि घरी येणाऱ्या न्हाव्यासमोर स्वतःचा वस्तरा काढणं म्हणजे आचाऱ्यासमोर डबा उघडणं.

चाळिशी उलटली की आमच्याकडच्या पुरुषांना काहीतरी होतं. कुणी होमिओपॅथीची पेटी आणतो, कुणी बाजाची पेटी आणतो, कुणी पहाटे मैत्रीबागेपर्यंत सायकल मारतो आणि दुपारी ऑफिसात झोपतो. मला वस्तऱ्यानं दाढी करावीशी वाटली. कारण विचाराल तर हिशेब सांगता येईल, की चार-चार पात्यांच्या आजकालच्या डोक्यांची किंमत पाहता दाढीपेक्षा गाल बदलून घेणं स्वस्त पडेल. पण ते काही खरं नाही. खरं कारण असं, की ब्लेडचं पाकीट विकत आणणारा माणूस दाढी उरकतो आणि वस्तरा परजणारा माणूस दाढी करतो, असा एक समज आरशासमोर उभं राहिल्यावर होतो. बाईमाणसाला तो होत नाही.

या बाबतीत मी पहिला नव्हे. जाँ-जाक पेरे नावाच्या पॅरिसच्या एका चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या उस्तादानं अठराव्या शतकातच, स्वतःची दाढी स्वतः करायला कसं शिकावं यावर पुस्तक लिहून ठेवलं आहे. म्हणजे तोवर युरोपातले सभ्य लोकही न्हाव्याच्याच हवाली होते, आणि स्वतःच्या गळ्याला स्वतःच्या हातानं पातं लावायचं धाडस पुस्तक वाचल्याशिवाय कुणी करत नव्हतं. वस्तऱ्याला लाकडी आवरण घालून तो थोडा माणसाळवायची कल्पनाही याच पेरेची. पुढे अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी वापरा-आणि-फेका ब्लेडचं यंत्र काढलं. १९०३ साली, म्हणजे पहिल्या वर्षी, त्यांची ५१ यंत्रं आणि १६८ ब्लेडं खपली. हा आकडा मी नव्या विमा एजंटांना धीर देण्यासाठी नेहमी वापरतो. दुसऱ्या वर्षी खप ९० हजार यंत्रांवर गेला, हे मी त्यांना सांगत नाही, कारण तसं त्यांच्या बाबतीत होत नाही. मग पहिलं महायुद्ध आलं, अमेरिकेनं प्रत्येक शिपायाच्या पडशीत हे यंत्र घातलं, आणि घरी परतलेल्या शिपायांनी बापाचा वस्तरा माळ्यावर टाकला. आमचा पेटीत गेला, एवढाच फरक.

तर सल्लागार मंडळ. पहिली बैठक रेल मिलवाल्या काकांच्या ओसरीवर झाली. काका आमच्याच बाजूचे, आर्वीचे. रूळ हा त्यांचा विषय, आणि कुठल्याही विषयावरून रुळावर येण्याची त्यांची हातोटी आहे. त्यांनी वस्तरा तळहातावर तोलला.

“साठ ग्रॅम असंन?” ते म्हणाले.

“असेल.”

“आपला रूळ साठ किलो मीटर. म्हणजे एका मीटरात हजार वस्तरे. आपण एकशेतीस मीटरचा अखंड रूळ ओढतो. दोन जोडले की दोनशे साठ. किती झाले?”

“दोन लाख साठ हजार.”

“एका रुळात!” काका मागे टेकले. “आन तू हे घेऊन बसला.”

पण त्यांनी वस्तरा परत दिला नाही. चष्मा कपाळावर चढवून ते पात्याकडे पाहत राहिले, आणि मग जे सुरू झालं त्याला त्यांच्या घरात ‘बी शिफ्ट’ म्हणतात, कारण ते दुपारी दोनला सुरू होऊन रात्री दहाला संपतं. रुळाच्या पोलादात कार्बन शेकडा पाऊण भागाच्या आसपास. वस्तऱ्यात एकाच्या वर. रूळ सोसणारा हवा, गाडी गेली की कण्हला पाहिजे पण तुटता कामा नये. वस्तरा हेकट हवा. लाल करून पाणी द्यायचं, की तो काचेसारखा कडक आणि तितकाच ठिसूळ होतो. मग हलक्या आचेवर पुन्हा तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा, पातं गवती पिवळं दिसलं की थांबायचं. पाव तास उशीर झाला तर भाजी चिरा.

“म्हणून सांगतो,” काका म्हणाले, “त्या सायकलवाल्या धारवाल्याकडं नेऊ नको.”

नेमका तोच सल्ला आईनं दिला होता. मागचं चाक स्टँडवर चढवून, पायडल मारून सहाणेवर ठिणग्या उडवणारा धारवाला दर महिन्याला गल्लीतून जातो, आणि आईच्या विळीपासून शेजारच्या कात्रीपर्यंत सगळ्यांना एकाच मापानं रेटतो. त्या ठिणग्या दिसायला छान असतात. पण जिथे ठिणगी उडते तिथे पोलाद तापतं, आणि वस्तऱ्याच्या कडेला इतकं पातळ पोलाद असतं, की दोनशे अंशांच्या वर गेलं की दिलेलं पाणी उतरलंच. रंग निळा झाला की समजावं, पातं गेलं. उरतो तो लोणी लावायचा सुरा.

कोक ओव्हनवाले दादा बंगाली आहेत. त्यांनी फॅरेडेची गोष्ट सांगितली, आणि ती खरी निघाली म्हणून इथे देतो. वीजनिर्मितीचं तत्त्व शोधून आपल्याला वीजबिलाच्या रांगेत उभे करणारे मायकेल फॅरेडे त्याआधी काही वर्षं पोलादाच्या नादी लागले होते. जेम्स स्टोडार्ट नावाचे हत्यारं बनवणारे कारागीर त्यांचे जोडीदार. दक्षिण हिंदुस्थानातल्या वुट्झ पोलादाचं गुपित काय, हे या दोघांना हवं होतं. १८२० आणि १८२२ साली त्यांचे निबंध छापून आले. गुपित काही पुरतं उलगडलं नाही, पण प्रयोगात जे पोलाद उतरलं त्याचे वस्तरे करून फॅरेडे मित्रांना भेट देत. दादांनी हे सांगितलं आणि सगळे गप्प झाले. जगातला एवढा मोठा माणूस आपल्या तेलंगणाच्या मातीतल्या पोलादापायी दाढी करत होता, हे ऐकून ब्लास्ट फर्नेसवाले गारू तर उठून आत गेले आणि सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आले.

बैठका अशा पुष्कळ झाल्या. कार्बन झाला, क्रोमियम झालं, शेफील्ड आणि झोलिंगेन झालं. जर्मनीत १९३८ साली कायदा करून झोलिंगेन हे नाव फक्त त्याच गावातल्या मालावर घालायची मुभा ठेवली, यावरून कोल्हापुरी चपलांपर्यंत चर्चा गेली. पात्यावर गंजाचे खड्डे कडेपर्यंत गेलेत का, हे सिंटरिंगवाल्यांनी भिंगातून पाहून लेखी दिलं. (गेले नव्हते. पाठीजवळ दोन-चार तांबूस ठिपके, कडेला काही नाही. जुना वस्तरा घेणाऱ्यानं आधी हेच पाहावं. पाठीवरचा गंज म्हातारपण, कडेवरचा गंज मरण.) एका गोष्टीवर मात्र कुणाचंच बोलणं पुढे सरकेना. याला धार लावायची कशी आणि कोण लावणार?

पॉवर हाऊसला सर्क्युलर मार्केटमध्ये हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

“दगड चाहिए, धार के लिए.”

“काय की धार? रंदा? छेनी?”

“उस्तरा.”

दुकानदारानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पोऱ्याला म्हणाला, “अरे, वो सुतार वाला दे दे.” तो सुतारी दगड मी घरी आणला. त्यावर वस्तरा घासणं म्हणजे काय, हे काकांनी सांगितलं: हजार नंबरचा खडा आधी, मग चार, मग आठ, बारा हजारापर्यंत जायचं. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड, आणि वस्तऱ्याची कड एका मायक्रॉनच्याही आत. सुतारी दगडानं दार होतं, दाढी नाही. बारा हजाराचा जपानी दगड मागवायचा म्हटला तर त्याच्या किमतीत चार-पाच वर्षांची ब्लेडं आली असती, आणि बायकोनं तसं गणित करून फ्रिजवर चिकटवलं.

सेक्टरच्या बाजारामागे एका कडुनिंबाखाली एक म्हातारा नाऊ बसतो. खुर्ची, खोडाला टांगलेला आरसा, तुरटीचा खडा, रेडिओ. सगळे त्याला कका म्हणतात. गल्लीतल्या यच्चयावत रिटायर लोकांची डोकी त्याच्या हाताखालून जातात. म्हणजे ही सगळी बैठक दर पंधरवड्याला त्याच्या खुर्चीत एकेक करून बसत होती, आणि धार कोण लावतो हा प्रश्न मात्र ओसरीवर लटकत होता. कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. लाखो टन पोलाद ओतणाऱ्या गावाला पोलादाच्या कडेबद्दल काही विचारायचं असेल तर ते कडुनिंबाखाली जाऊन विचारावं, हे मनात यायलाच आमच्याकडे जागा नव्हती.

ककानं वस्तरा उघडला, नखावर टेकवला आणि मिटला.

“एमा धार नइ हे, जंग हे.”

मग झाडाच्या बुंध्याशी ठेवलेली धोकटी त्यानं पुढे ओढली. एड्सच्या धास्तीनं जिकडेतिकडे अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले तेव्हापासून हिचा खालचा कप्पा उघडलेला नसावा. आतून चिंधी निघाली, चिंधीतून एक काळा, मधे झिजून खोलगट झालेला, तळहाताएवढा दगड निघाला.

“ये पथरा मोर ददा के आय.”

लोट्यातलं पाणी त्यानं बोटांनी दगडावर शिंपडलं. वस्तरा आडवा ठेवला, पूर्ण निजवला, की पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागतील. आणि ढकलला, धार पुढे करून. टोकाला पोचल्यावर पातं उचललं नाही, पाठीवरच उलटवलं आणि दुसऱ्या कुशीवर परत ओढलं. परत उलटवलं. मनगट हलत नव्हतं, हात हलत होता. सुरुवातीला आवाज करकरीत होता. मग तो बारीक झाला. मग इतका बारीक, की ककानं रेडिओ बंद केला. दगडावरचं पाणी पात्याच्या कडेपुढे एका रेघेत सरकायला लागलं, आणि कडेवर चढून पलीकडे सांडायला लागलं. ते तसं चढलं की धार बसली.

काका माझ्याबरोबर आले होते. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते. “पाठ इतकी जाड काऊन ठेवली, आता समजलं,” ते म्हणाले. “पाठच कोन ठरवते. सोळा-सतरा अंश बसत असंन. जिगची गरजच नाही! पातं झिजलं तर पाठही झिजते, कोन तोच राहतो.” आयुष्यभर जिग-फिक्स्चर पाहिलेला माणूस हे एखाद्या कीर्तनाला आल्यासारखा बोलत होता. ककानं मान वर केली नाही. त्याला अंश माहीत नव्हते आणि लागतही नव्हते.

दगडानंतर चामडं. निंबाच्या खोडाला खिळ्यानं ठोकलेला पट्टा. तो ताणून धरायचा आणि वस्तरा आता उलट्या दिशेनं, पाठ पुढे करून ओढायचा. धार पुढे केली तर पट्टा चिरतो आणि धारही जाते. शेवटी त्यानं पट्टा सोडला आणि पातं स्वतःच्या तळहातावर फिरवलं, खाली-वर, गप्पा मारत, माझ्याकडे बघत. ते बघवत नव्हतं. मग हातावरचा एक केस उभा धरून त्याला पातं नुसतं लावलं. केस गेला.

पैसे विचारले तर त्यानं एका दाढीचे सांगितले.

न्हाव्याच्या या हत्याराबद्दल आपल्या भाषेत आदरापेक्षा टिंगलच जास्त आहे. कुणाला लुबाडलं तर त्याची बिनपाण्यानं झाली. चूक कुणाची, हजामत कुणाची. पण याच वस्तऱ्यानं एकदा मुंबईत नकार दिला होता. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं तिथले नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. मोठमोठ्या पंडितांच्या सभा शास्त्रार्थ घासत बसल्या होत्या. या लोकांनी धोकटीच मिटली. धार लावणाऱ्याला ती कुठे लावायची नाही हेही कळतं, हे शास्त्र्यांना कुठून कळणार? कठोपनिषदातल्या ऋषींनी ज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली, ती उचलून सॉमरसेट मॉम यांनी १९४४ साली कादंबरीला नाव दिलं, त्यावर सिनेमे निघाले. माझी शंका एवढीच, की चित्रांतले सगळे ऋषी छातीपर्यंत दाढीचे असतात. वस्तऱ्याशी संबंध कधी आला? माझा कयास असा, की एकदाच आला असावा. त्याशिवाय इतकी अचूक उपमा सुचत नाही.

आता प्रत्यक्ष दाढी. इथे नियम फार आहेत आणि सगळे साधे आहेत, म्हणूनच कठीण आहेत. आधी आंघोळ, गरम पाण्यानं. खुंट पाणी पितात तेव्हा मऊ पडतात. फेस दाट हवा आणि ओला हवा. पातं गालाशी तीस अंशांच्या आसपास; आडवं झोपवलं तर ओढतं, उभं केलं तर कापतं. दुसऱ्या हातानं कातडी ताणायची. आणि पातं कधीही, कधीही आडवं सरकवायचं नाही, आडवं म्हणजे धारेच्या रेषेत. ब्रह्मदेवानं भाजीचा सुरा त्यासाठी निर्माण केला आहे. नवख्यानं फक्त गाल करावेत. हनुवटी, ओठाची वरची बाजू आणि गळ्याची घाटी हे प्रांत पुढच्या मोहिमेसाठी. तिथे नेहमीचं यंत्र फिरवून घरी यावं.

यातला कुठलाच नियम सांगत नाही, की आपल्याला आपला चेहरा माहीत नसतो. वीस-पंचवीस वर्षं रोज ज्याच्यावरून ब्लेड फिरवलं त्या गालावर, जबड्याच्या जरा खाली, केसांचा भोवरा आहे. डावीकडे खुंट खाली वाढतात, उजवीकडे कानाकडे. एका कल्ल्याखाली तीळ आहे. बायकोला तो लग्नापासून माहीत होता. आणि डावा गाल डाव्या हातानं करायचा असतो. हा डावा हात आजवर चहाचा कप धरण्यापलीकडे कुठल्याच जबाबदारीच्या जागी नव्हता. त्याच्या हाती एकदम वस्तरा देणं म्हणजे शिपायाला जनरल मॅनेजर करणं. ककानं त्यावर युक्ती सांगितली होती: दोन-चार दिवस वस्तरा बंद करून, मिटलेल्या पाठीनं फेस नुसता काढायचा. हाताला वाट कळते. “हाथ ला ढिल्ला छोड़,” एवढंच तो म्हणायचा. हात ढिला सोडायचा आणि वस्तरा सोडायचा नाही. हे वाक्य सोपं आहे.

न्हाणीबाहेरची परिस्थिती वेगळीच. आईनं देवासमोर दिवा लावला होता. एकादशी आहे म्हणाली, कॅलेंडरात नव्हती. मुलाला दार वाजवायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे तो दर मिनिटाला दाराशी येऊन “मी वाजवत नाहीये हं, बाबा” असं ओरडून सांगत होता. बायको फोन हातात घेऊन, १०८ आकडे टाकून, हिरव्या बटणावर बोट ठेवून उभी. बाबा पेपर वाचत होते. “रशियन होता तो,” ते आतून ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “उणे तीस डिग्रीत करायचा दाढी. याला गीझर लागतो.”

पात्याचा पहिला ओढा गालावर उतरतो तेव्हा आवाज येतो. ब्लेडच्या यंत्राला आवाज नसतो, म्हणून आपल्याला ठाऊक नसतं, की दाढीला आवाज आहे. अख्खं पोकळ घासलेलं पातं तबकडीसारखं नाद देतं. खुंट जाड असेल तिथे तो खाली उतरतो, बारीक असेल तिथे चढतो. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच रूळ तपासायची जुनी पद्धत सांगितली, हातोडी मारून ऐकायचं, भेग असेल तर बद्द वाजतो. रुळावर ते यायचेच होते.

दाढी झाल्यावरचं काम दाढीपेक्षा मोठं. पातं पुसायचं, पाठीकडून धारेकडे. मग सुकवायचं. मग शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवायचा आणि मगच मिटायचं. हे कार्बनचं पोलाद आहे, स्टेनलेस नाही. भिलाईच्या पावसाळ्यात जिथे कपाटातल्या पासबुकाला बुरशी येते तिथे ओल्या पात्यावर तासाभरात तांबूस डाग पडतो. न्हाणीत तर ठेवायचाच नाही. त्यामुळे आमच्या घरात आता वस्तरा दिवाणखान्यात, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, तेलाच्या बाटलीशेजारी असतो, आणि पाहुणे त्याला नमस्कार करतात.

गाल जमले तसे हळूहळू बाकीचे प्रांतही आले. आता दाढी व्यवस्थित होते, एवढंच सांगतो. तिला लागणाऱ्या वेळात पूर्वी मी दोन पॉलिस्यांचे हप्ते भरून येत असे. पण गल्लीत माझी नोंद बदलली. सिंटरिंगवाल्यांनी अडकित्ता पाठवला. गारूंच्या घरून शेवग्याच्या शेंगांची सुरी आली. कोक ओव्हनवाल्या बौदींनी त्यांची बोटी पाठवली, ती एवढी मोठी पायानं दाबून मासे चिरायची वस्तू, की ती उचलून आणायला दोन पोरं लागली. सगळ्यांना नम्रपणे सांगितलं, की धार मी लावत नाही, ककाला विचारा. ककाकडे आता शनिवारी रांग असते आणि त्यानं त्यासाठी दर वेगळा केलाय. विळीला पन्नास, बोटीला शंभर.

रेल मिलवाल्या काकांना मात्र वस्तऱ्याचं वेड लागलं आहे. ते रोज सकाळी येतात, पातं भिंगाखाली धरतात, कालच्यापेक्षा कड कशी आहे ते सांगतात, चामड्यावर किती हात मारले ते वहीत लिहितात. कोनाचा आलेख काढला आहे. परवा त्यांनी मला अर्धा तास समजावलं, की माझा तीस अंश हा खरं तर अठ्ठावीस आहे आणि गळ्याशी तो पंचवीसवर उतरवला तर खुंट मुळातून निघेल, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही.

मी खुर्ची ओढली, टॉवेल झटकला आणि म्हटलं, “काका, या मग, बसा. तुमचीच करून दाखवतो, पंचवीस अंशांत.”

काकांनी भिंग खिशात टाकलं. चप्पल पायात सरकवली.

“नोव्हेंबर चालू आहे बे,” ते दारातून म्हणाले. “आधी बँकेत जिवंत असल्याचा दाखला देऊन येतो. मंग बसतो.”